पत्राआधी सातबारा: खासदार निधीतून गावचं काम कसं करून घ्यावं

जिल्हा परिषदेच्या बांधकाम उपविभागात शाखा अभियंता म्हणून नोकरीची बरीच वर्षं काढली. त्या काळात खासदार निधीच्या कामांची अंदाजपत्रकं किती केली याचा हिशेब ठेवला नाही, पण कामं कुठे अडतात हे मात्र पाठ झालं. लोकांना वाटतं, खासदारांनी नाही म्हटलं म्हणून काम गेलं. खासदार सहसा नाही म्हणतच नाहीत. समोर बसलेल्या पंधरा माणसांना नाही म्हणणं कुठल्याच पुढाऱ्याला परवडत नाही. शिफारसपत्र मिळतं, फोटो निघतो, गावच्या ग्रुपवर ‘खासदार साहेबांचे जाहीर आभार’ पडतं, आणि तीन महिन्यांनी जिल्हा नियोजन कार्यालयातून एक ओळ येते: ‘जागेच्या मालकीबाबत त्रुटी पूर्तता करावी.’ मग गाव पुन्हा खासदारांकडे. वास्तविक त्या ओळीचं उत्तर खासदारांकडे नसतं, तलाठ्याकडे असतं.

म्हणून हा लेख उलट्या टोकाने लिहितोय. पत्र कसं मिळवायचं ते मध्यावर येईल. त्याआधी बरंच काही आहे.

पैसा कोणाचा, किती, आणि कोणाच्या हातात

लोक ज्याला खासदार निधी म्हणतात ती केंद्र सरकारची खासदार स्थानिक क्षेत्र विकास योजना. २३ डिसेंबर १९९३ ला पंतप्रधान नरसिंह राव यांनी ती संसदेत जाहीर केली. पहिल्या वर्षी प्रत्येक खासदाराला ५ लाख रुपये होते, पुढच्या वर्षी १ कोटी, १९९८-९९ पासून २ कोटी आणि २०११-१२ पासून वर्षाला ५ कोटी. सगळा पैसा केंद्राचा, आणि त्याचं खातं म्हणजे सांख्यिकी व कार्यक्रम अंमलबजावणी मंत्रालय. कोविडच्या वेळी, एप्रिल २०२० मध्ये, योजना थांबवली होती आणि नोव्हेंबर २०२१ मध्ये परत सुरू झाली. मधल्या काळात ज्यांच्या हातात नुसतं शिफारसपत्र होतं, त्यांच्या हातात तेवढाच कागद राहिला.

५ कोटी ऐकायला मोठे वाटतात. महाराष्ट्रात एका लोकसभा मतदारसंघात सहा विधानसभा मतदारसंघ येतात, म्हणजे एकेकाच्या वाट्याला ८३ लाख. त्यात सव्वाशे गावं धरली तर गावामागे ६६ हजार. मतदारांवर वाटले तर माणशी २६ रुपये, कारण २०२४ मध्ये राज्यात एका मतदारसंघात सरासरी १९ लाखांवर मतदार होते. (गोव्यात दोनच मतदारसंघ, प्रत्येकी ६ लाखांच्या आसपास मतदार, आणि रक्कम तीच ५ कोटी. गोवेकर या बाबतीत सुखी.) हा हिशेब आधी मांडला, कारण सत्तर लाखांचं मंगल कार्यालय मागायला येणारी मंडळी मी पाहिली आहेत. मागणी जितकी आटोपशीर, तितकी ती यादीत बसते.

दुसरी गोष्ट, जी गावात सांगूनही पटत नाही: हा पैसा खासदारांच्या खात्यात येत नाही. खासदार फक्त शिफारस करतात. मंजुरी जिल्हाधिकारी देतात, काम कुठल्या यंत्रणेने करायचं तेही तेच ठरवतात, आणि ठेकेदार निविदेतून येतो. ‘खासदारांनी दहा लाख दिले’ हे बोलायला ठीक, पण तुमचा अर्ज शेवटी ज्या टेबलावर बसतो ते टेबल जिल्हा नियोजन अधिकाऱ्यांच्या कार्यालयात असतं. बहुतेक जिल्ह्यांत त्या इमारतीला नियोजन भवन म्हणतात.

मतदारसंघ दोन जिल्ह्यांत पसरलेला असेल तर गोंधळ होतो. हातकणंगले मतदारसंघात शिराळा आणि इस्लामपूर सांगली जिल्ह्यात, बाकीचे चार विधानसभा मतदारसंघ कोल्हापुरात. माढ्यात फलटण आणि माण सातारा जिल्ह्यात, उरलेले सोलापुरात. खासदारांचा मुख्य जिल्हा एकच असतो, पण तुमचं काम ज्या जिल्ह्यात आहे तिथल्या जिल्हाधिकाऱ्यांकडेच ते येतं. शिराळ्याच्या माणसाने कोल्हापुरात चौकशी करून परत येण्यात एक दिवस जातो, आणि हे होतं.

राज्यसभेचे खासदार विसरू नका. महाराष्ट्रातून १९ आहेत आणि त्यांना राज्यातल्या कुठल्याही जिल्ह्यात काम सुचवता येतं. राष्ट्रपतीनियुक्त सदस्यांना तर देशभरात. सचिन तेंडुलकर नियुक्त खासदार असताना त्यांनी धाराशिव जिल्ह्यातलं डोंजा गाव दत्तक घेतलं, त्याआधी आंध्रातलं पुट्टमराजू कंड्रिगा घेतलं होतं. लोकसभेच्या खासदारांच्या दारी रांग असते. राज्यसभेच्या खासदारांकडे गावातून फारसं कोणी जातच नाही.

हे काम खासदार निधीचं आहे का

नियम थोडक्यात असा: सार्वजनिक वापराची, टिकाऊ मालमत्ता तयार झाली पाहिजे. पिण्याचं पाणी, शिक्षण, आरोग्य, स्वच्छता आणि रस्ते यांना प्राधान्य. शाळेची खोली, अभ्यासिका, पाण्याची टाकी, बसथांबा, साकव, गटार, वस्तीवरचा रस्ता हे बसतं.

काय बसत नाही हे जास्त महत्त्वाचं. देवळाचं, मशिदीचं, मठाचं काम नाही, आणि धार्मिक संस्थेच्या मालकीच्या जागेवरचं कुठलंही काम नाही. स्मारक नाही, पुतळा नाही. जमीन विकत घ्यायला पैसे नाहीत. एका माणसाच्या किंवा एका घराच्या फायद्याचं काम नाही. रोख अनुदान किंवा देणगी नाही. आणि झालेल्या कामाचे पैसे मागून मिळत नाहीत. ‘आम्ही वर्गणी काढून काम सुरू केलंय, बाकीचे खासदार निधीतून भरून द्या’ या वाक्याने चांगली कामं बाद झालेली आहेत. शिफारस आणि मंजुरी होईपर्यंत कुदळ लावू नका.

सभामंडपाबद्दल दोन शब्द. गावात पहिली मागणी सभामंडपाचीच असते, आणि तो देवळासमोरच हवा असतो. अर्जावर ‘सामाजिक सभागृह’ लिहिलं म्हणजे झालं, असा समज आहे. होत नाही. उताऱ्यावर देवस्थानचं नाव निघालं की विषय संपला. देवळापासून चार पावलांवर ग्रामपंचायतीच्या मालकीची जागा असेल आणि सभागृह खरोखर सगळ्या गावाला खुलं असेल तर गोष्ट वेगळी.

काही वेळा काम योग्य असतं, दार चुकलेलं असतं. स्मशानभूमीचं शेड किंवा ग्रामपंचायत कार्यालय हवं असेल तर आधी जिल्हा नियोजनच्या जनसुविधा योजनेत विचारा. गावातल्या अंतर्गत रस्त्याला आमदार निधी आहे, शिवाय ग्रामविकास विभागाचा २५१५ लेखाशीर्षाचा निधी आहे. गावात त्याला नुसतं ‘पंचवीस-पंधरा’ म्हणतात. मागासवर्गीय वस्तीतल्या कामांना वेगळी योजना आहे. खासदार निधीतही १५ टक्के रक्कम अनुसूचित जातींच्या आणि साडेसात टक्के अनुसूचित जमातींच्या वस्तीत खर्च व्हावी असा नियम आहे. तुमचं काम अशा वस्तीत असेल तर ते पत्रात पहिल्याच परिच्छेदात लिहा. खासदारांच्या कार्यालयालाही ती टक्केवारी भरायची असते.

जागा, आणि पुन्हा जागा

इथे घाई करू नका. माझ्या अंदाजाने अडलेल्या कामांतली निम्म्याहून जास्त इथेच अडलेली असतात.

पहिला प्रश्न: जागा कोणाच्या नावावर आहे? तोंडी उत्तर चालत नाही. ‘ती पहिल्यापासून गावाचीच आहे’ हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की त्यावर विश्वास ठेवायचं सोडून दिलं. गावठाणात असेल तर ग्रामपंचायतीचा नमुना नंबर ८ चा उतारा काढा, आणि मालमत्ता नोंदवहीत ती जागा आहे का ते पाहा. गावठाणाबाहेर असेल तर ताजा सातबारा. ताजा म्हणजे या महिन्यातला, ग्रामपंचायतीच्या फाइलमध्ये पिवळा पडलेला नव्हे. ऑनलाइन सातबारा घरबसल्या निघतो, तेव्हा सबब नाही.

सातबाऱ्यावर सरकार किंवा गायरान असेल तर ती जागा ग्रामपंचायतीच्या वहिवाटीत असली तरी बांधकामाला जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते. वन विभागाची असेल तर तो रस्ता लांबचा आहे. दुसरी जागा बघा, हा माझा प्रामाणिक सल्ला. शाळेची खोली असेल तर जागा जिल्हा परिषदेची हवी, आणि कित्येक जुन्या शाळा अजून कोणा दानशूर माणसाच्या सातबाऱ्यावर उभ्या आहेत.

दानशूर माणसावरून एक आठवण. एका गावात पोरांनी अभ्यासिकेची मागणी केली होती. स्पर्धा परीक्षांची तयारी करणारी पंचवीस-तीस मुलं, रात्री शाळेच्या ओट्यावर बल्ब लावून बसायची. एका आजोबांनी रस्त्याकडेची दोन गुंठे जागा देऊ केली. शंभर रुपयांच्या स्टॅम्पवर लिहून दिलं, पाच पंचांच्या सह्या झाल्या, हारतुरे झाले. खासदारांनी १२ लाखांची शिफारस केली. मी मोजमाप घ्यायला गेलो तेव्हा सातबाऱ्यावर आजोबांबरोबर त्यांच्या दोन भावांची आणि एका बहिणीची नावं. जागा सामाईक, हिस्से न पडलेले. बहीण मुंबईला, एक भाऊ वारलेला, त्याच्या वारसांची नोंद नाही. स्टॅम्प पेपर बिनकामाचा होता.

असं असेल तर करायचं एवढंच: आधी वारस नोंद, मग सगळ्या सहहिस्सेदारांच्या सहीने ग्रामपंचायतीच्या नावे नोंदणीकृत बक्षीसपत्र, तेही दुय्यम निबंधकाकडे. मग फेरफार, मग ग्रामपंचायतीचं नाव लागलेला नवा सातबारा. त्या अभ्यासिकेला यात चौदा महिने गेले. मधल्या काळात तिची रक्कम दुसऱ्या गावच्या गटाराला गेली. चूक अर्धी माझीही होती. शिफारशीआधी सरपंच माझ्याकडे आले होते आणि मी ‘जागा आहे ना? मग झालं’ म्हणून चहा पाजून परत पाठवलं होतं. त्यानंतर सातबारा बघितल्याशिवाय मी कुणाला हो म्हटलं नाही.

रस्त्याचं काम असेल तर वेगळा कागद. ग्रामपंचायतीच्या ताब्यातल्या रस्त्यांची नोंद नमुना २३ मध्ये असते. ‘रस्त्याला तेवीस नंबर आहे का?’ हा आमचा पहिला प्रश्न असायचा. नोंदीत लांबी-रुंदी असते, आणि ती जमिनीवर जुळली पाहिजे. नोंदीत बारा फूट आणि दोन्ही बाजूंच्या कुंपणांनी तो आठ फुटांवर आणलेला, हे दृश्य नेहमीचं. कुंपणं मागे घेण्याचं भांडण निधी येण्याआधी मिटवा. निधी आल्यावर मिटत नाही, वाढतं.

शहरात नगरपरिषद किंवा महानगरपालिकेची जागा असेल तर त्यांचा ना हरकत दाखला हवा, आणि विकास आराखड्यात त्या जागेवर कुठलं आरक्षण आहे ते तपासा. बागेच्या आरक्षणावर वाचनालय उभं राहत नाही.

ग्रामसभेचा ठराव

ठराव ग्रामसभेचाच घ्या. मासिक सभेचा ठराव चालून जातो असं सांगणारे भेटतील, पण पुढे विरोधी गटाने तक्रार केली की ग्रामसभेचा ठराव हीच ढाल असते. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर या चार ग्रामसभा ठरलेल्या असतात. विषय पत्रिकेवर आधीच घालायला लावा. आयत्या वेळच्या विषयात घेतलेला ठराव पाहिला की तक्रारदाराला आनंद होतो.

ठरावात काय हवं: काम नेमकं कुठून कुठपर्यंत, कुठल्या गटावर किंवा मिळकत क्रमांकावर; जागा ग्रामपंचायतीची असल्याचा उल्लेख; हे काम याआधी दुसऱ्या कुठल्या योजनेतून घेतलेलं नाही; आणि काम झाल्यावर देखभाल-दुरुस्ती ग्रामपंचायत करील. ठराव क्रमांक, तारीख, सूचक, अनुमोदक. ‘गावातील रस्ते करणेबाबत’ अशा मोघम ठरावाने काहीच होत नाही. ‘मारुती मंदिर ते जिल्हा परिषद शाळा, काँक्रीट रस्ता, २१० मीटर’ असं लिहा.

ग्रामसेवकाला आता ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात, गावात अजून भाऊसाहेबच. नाव काहीही असो, इतिवृत्ताची सही-शिक्क्याची नक्कल त्यांच्याकडूनच घ्यायची आहे, तेव्हा त्यांना पहिल्या दिवसापासून सोबत घ्या. दुबार काम नसल्याचा दाखला आणि देखभालीचं हमीपत्र ही दोन्ही कागदंही तेच देतात. जागेचे चार बाजूंनी फोटो काढा, मोबाइलवर जिओ-टॅगचं ॲप चालू करून, म्हणजे फोटोवर अक्षांश-रेखांश उमटतात.

अंदाजपत्रक: बारा लाखांचे दहा

अधिकृत अंदाजपत्रक नंतर यंत्रणाच करते. पण मागणीला जाण्याआधी ढोबळ आकडा हवा, नाहीतर खासदारांचे स्वीय सहाय्यक विचारतात ‘किती?’ आणि सरपंच म्हणतात ‘द्या की दहा-पंधरा.’ पंचायत समितीच्या बांधकाम उपविभागातल्या कनिष्ठ अभियंत्याला जागेवर घेऊन जा. त्याला काम नाही असं नाही, पण व्यवस्थित विनंती केली तर राज्याच्या दरसूचीवरून ढोबळ हिशेब अर्ध्या दिवसात होतो.

मग एक हिशेब स्वतः करा. मंजूर रकमेत १८ टक्के जीएसटी असतो, १ टक्का बांधकाम कामगार उपकर असतो, साहित्य चाचणीचा खर्च असतो. १२ लाख मंजूर झाले तर विटा-सिमेंटला साधारण १० लाखच उरतात. पोरांनी १२ लाखांत हॉल, व्हरांडा, संडास-बाथरूम आणि वर सोलर असं चित्र काढलेलं असतं. दहात व्हरांडा जातो. जे नसलं तर इमारत वापरात येणार नाही, ते आधी धरा. अभ्यासिकेला संडास नसेल तर मुली येत नाहीत, हे मी तीन गावांत बघितलं. रंगाला नंतर वर्गणी निघते, संडासाला निघत नाही.

अर्धं काम या वर्षी, अर्धं पुढच्या वर्षी, हा मोह टाळा. पुढच्या वर्षी तेच खासदार असतील, त्यांचं गावाशी तसंच जमत असेल, आणि त्यांच्याकडे रक्कम उरलेली असेल, या तिन्ही गोष्टी एकदम जुळाव्या लागतात. सळया वर काढून ठेवलेल्या इमारती प्रत्येक तालुक्यात आहेत.

पत्र आणि भेट

आता कुठे खासदारांकडे जायचं. वेळ महत्त्वाची. आर्थिक वर्ष १ एप्रिलला सुरू होतं. एप्रिल ते जुलै हा बरा काळ. फेब्रुवारी-मार्चमध्ये बहुधा रक्कम वाटून झालेली असते. निवडणूक तोंडावर असेल तर आचारसंहितेचं गणित मांडा. आचारसंहिता लागली की नवी मंजुरी थांबते, आणि कार्यारंभ आदेश निघाला असूनही जागेवर काम सुरू झालं नसेल तर तेही सुरू करता येत नाही. आपल्याकडे लोकसभा, विधानसभा, जिल्हा परिषद, नगरपालिका असं काही ना काही चालूच असतं.

पत्र एका पानाचं. दोन पानं कोणी वाचत नाही. नमुना असा:

प्रति,
मा. खासदार, ……… लोकसभा मतदारसंघ

विषय: मौजे ……, ता. ……, जि. …… येथे सार्वजनिक अभ्यासिका बांधण्याच्या कामाची खासदार स्थानिक क्षेत्र विकास निधीतून शिफारस होणेबाबत.

संदर्भ: ग्रामसभा ठराव क्र. …… दि. ……

महोदय,
आमच्या गावातील ३२ विद्यार्थी स्पर्धा परीक्षांची तयारी करीत असून त्यांना बसण्यासाठी जागा नाही. ग्रामपंचायतीच्या मालकीच्या गट क्र. …… मधील २ गुंठे जागेवर अभ्यासिका बांधण्याचे ग्रामसभेने ठरविले आहे. ढोबळ अंदाजित खर्च रु. १२ लाख. जागेचा सातबारा, ठरावाची प्रत, दुबार काम नसल्याचा दाखला, देखभाल हमीपत्र व फोटो सोबत जोडले आहेत. तरी सदर कामाची शिफारस व्हावी, ही विनंती.

आपले विश्वासू,
सरपंच / उपसरपंच / ग्रामस्थ

बस्स. ‘विकासाचे महामेरू’ वगैरे लिहू नका, ते बॅनरवर ठीक असतं. आकडा खरा लिहा; ३२ लिहिले तर ३२ नावांची यादी खिशात ठेवा.

कार्यालयात गेल्यावर खासदार भेटले नाहीत म्हणून नाराज होऊ नका. साहेबांना अधिवेशन असतं. स्वीय सहाय्यक भेटले की निम्मं काम होतं, कारण यादी तेच करतात. पत्राच्या दोन प्रती न्या. एक द्या, दुसरीवर आवक क्रमांक आणि शिक्का घ्या. शिक्का मागायला संकोच वाटतो, ‘विश्वास नाही का?’ असं कोणी म्हणेल असं वाटतं. हसत हसत म्हणा, गावात दाखवायला लागतो हो. खरंच लागतो.

किती माणसं न्यायची? चार पुरेत: सरपंच, भाऊसाहेब किंवा सदस्य, ज्यांच्यासाठी काम आहे त्यांच्यापैकी एक, आणि विरोधी गटातला एक. शेवटचा सगळ्यात महत्त्वाचा. दोन्ही गट एका गाडीतून उतरले की पुढाऱ्याला शिफारस करणं सोपं जातं.

एप्रिल २०२३ पासून नव्या मार्गदर्शक सूचना लागू आहेत आणि शिफारस आता ई-साक्षी पोर्टलवर होते. म्हणजे खासदारांच्या लेटरहेडवरचं पत्र हातात आलं तरी काम पोर्टलवर चढलं का ते विचारा. चढलं असेल तर त्याचा क्रमांक मागून घ्या. पुढचा सगळा पाठपुरावा त्या क्रमांकावर.

संस्थेसाठी मागत असाल, म्हणजे वाचनालय, आश्रमशाळा, दिव्यांगांची शाळा, तर संस्था नोंदणीकृत आणि किमान तीन वर्षं जुनी हवी, समाजोपयोगी कामात असलेली. खासदार किंवा त्यांच्या घरचं कोणी पदाधिकारी किंवा विश्वस्त असेल तर त्या संस्थेला हा निधी मिळत नाही. मानद अध्यक्ष म्हणून लेटरहेडवर नाव टाकलं असेल तर ते आधी तपासा.

शिफारस झाली, आता नियोजन भवन

इथून पुढचा काळ कंटाळवाणा. नियोजन कार्यालय काम नियमात बसतं का ते बघतं, यंत्रणा ठरवतं (जिल्हा परिषद बांधकाम, सार्वजनिक बांधकाम विभाग, नगरपालिका यांपैकी), आणि तिच्याकडून तांत्रिक मान्यतेसह अंदाजपत्रक मागवतं. ते आलं की जिल्हाधिकारी प्रशासकीय मान्यता देतात. शिफारस मिळाल्यापासून ४५ दिवसांत मंजुरी किंवा नकार कळवायचा असा नियम आहे.

व्यवहारात फाइल कुठे झोपते? बहुतेक वेळा यंत्रणेकडे, आमच्याच उपविभागात. पत्र येतं, ते शाखा अभियंत्याच्या टेबलवर पडतं, त्याच्याकडे चाळीस गावं असतात. म्हणून दर पंधरा दिवसांनी एक माणूस, आणि नेहमी तोच माणूस, उपविभागात जाऊन यावा. भांडायला नाही. ‘साहेब, मोजायला कधी येताय, गाडी पाठवू का?’ एवढं पुरतं. तीन वेगवेगळी माणसं तीन वेगवेगळ्या गोष्टी सांगत आली की अभियंता त्या गावाला शेवटी घेतो. हे मी केलेलं आहे, कबूल करतो.

त्रुटी निघाली तर ती लेखी घ्या आणि लेखीच पूर्तता करा, जोडलेल्या कागदांच्या यादीसह. तोंडी सांगितलेली त्रुटी दुसऱ्या महिन्यात बदलते.

दोन महिने काहीच हललं नाही तर माहिती अधिकार. जोडपत्र ‘अ’ (म्हणजे अर्जाचा ठरलेला नमुना), दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, जन माहिती अधिकारी, जिल्हा नियोजन कार्यालय. ‘माझं काम का होत नाही’ असं विचारू नका, त्याला उत्तर देणं बंधनकारक नाही. मागा ते असं: अमुक क्रमांकाच्या शिफारशीवर आजपर्यंत झालेल्या कार्यवाहीच्या नोंदींच्या प्रती, आणि यंत्रणेला पाठवलेल्या पत्रांच्या तारखा. ३० दिवसांत उत्तर यायला हवं. पुष्कळदा अर्ज पोचताच फाइल हलते. मात्र पहिल्याच आठवड्यात माहिती अधिकार टाकू नका. ज्या टेबलाशी वर्षभर काम आहे तिथे सुरुवातच तक्रारीने कशाला.

कार्यारंभ आदेश ते फलक

मान्यतेनंतर निविदा. ठेकेदार ‘बिलो’ने भरतात, म्हणजे अंदाजपत्रकापेक्षा कमी दराने. पाच-दहा टक्के बिलो समजू शकतं. तीस टक्के बिलोने काम घेतलेलं दिसलं की गावाने जागं व्हावं, कारण ते तीस टक्के कुठून तरी निघणार, आणि ते बहुधा स्लॅबच्या जाडीतून निघतात.

गावाला देखरेखीचा अधिकार कागदावर नसला तरी डोळे आहेत. अंदाजपत्रकाची प्रत घ्या. त्यात पायाची खोली, सळईचा व्यास, काँक्रीटचा दर्जा लिहिलेला असतो. स्लॅबच्या दिवशी कोणीतरी टेप घेऊन उभं राहा. काँक्रीटचे ठोकळे चाचणीसाठी भरले का ते विचारा. ठोकळे म्हणजे पंधरा सेंटिमीटरचे साचे. ते भरताना दिसले नाहीत तर चाचणीचा अहवाल कुठून येतो हा प्रश्न विचारायला हरकत नाही. स्लॅबनंतर पाणी मारणं हे ठेकेदाराचं काम असतं, पण दोन आठवडे मुलांनीच पाळी लावून पाणी मारलं अशी एक अभ्यासिका मी पाहिली. तिची भेगाळल्याची तक्रार मी असेपर्यंत तरी आली नाही.

काम साधारण वर्षभरात पुरं व्हायला हवं. झाल्यावर खासदार निधीतून काम झाल्याचा फलक लावणं सक्तीचं आहे: कामाचं नाव, खर्च, वर्ष, खासदारांचं नाव. मालमत्तेला मात्र कोणा व्यक्तीचं नाव देऊ नका. यावरून उद्घाटनाच्या आदल्या रात्री भांडणं होतात, तेव्हा हे ग्रामसभेतच मिटवून ठेवा.

उद्घाटन आटोपलं, मंडप निघाला, की दुसऱ्या दिवशी भाऊसाहेबांकडे जाऊन इमारत ग्रामपंचायतीच्या मालमत्ता नोंदवहीत चढवून घ्या आणि ताबा पावतीची प्रत ठेवा. निविदेत दोषदायित्व कालावधी, म्हणजे निघालेले दोष ठेकेदाराने दुरुस्त करून द्यायची मुदत, किती आहे ते बघून त्याची शेवटची तारीख ग्रामपंचायतीच्या भिंतीवर, कॅलेंडरशेजारी, लिहून ठेवा. त्या तारखेच्या आत पावसाळा येत असेल तर पहिल्या मोठ्या पावसात छपराखाली उभे राहा. गळती दिसली तर त्याच दिवशी उपअभियंत्यांना लेखी कळवा, फोटोसह, आणि आवक शिक्का घ्या.